न चुकचुकणारी पाल

आणल्यापासून सहाव्या रात्रीही मोहरीनं काही खाल्लं नाही. पेटीत सोडलेला रातकिडा तिच्या शेपटीवरून चालत गेला, पुढच्या पायाशी थांबला, मिशा हलवत राहिला. ती डोळे मिटून पडून होती. बाहेर, अमेरिकेतल्या एडिसनमध्ये, जानेवारीचा बर्फ पडत होता. दहा वर्षांची लेक काचेला नाक लावून बसली होती. “आई, हिला काही दुखतंय का?” तिनं विचारलं. मला उत्तर देता येईना. मुलाला ताप आला तर कपाळाला हात लावून कळतं. हिच्या अंगाला हात लावून मला काय कळणार होतं?

मोहरी म्हणजे लेपर्ड गेको, पाळीव पालीची एक जात. पिवळ्या अंगावर काळे ठिपके, फोडणीत तडतडलेल्या मोहरीसारखे, म्हणून लेकीनं हे नाव ठेवलं. आमच्या भाड्याच्या घरात कुत्रा-मांजर ठेवायला परवानगी नाही. लेकीच्या वर्गात असा एक गेको होता आणि वर्षभर घरात त्याच्याशिवाय दुसरा विषय नव्हता. शेवटी मी हो म्हटलं. म्हणताना अंगावर काटा आलाच.

माझं माहेर सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याचं. तिथल्या घरात ट्यूबलाइटमागे पाल असायचीच. ती अंगावर पडली की आजी आधी अंघोळीला पिटाळायची आणि मग पंचांगातलं पल्लीपतनाचं पान उघडायची: डोक्यावर पडली तर काय फळ, खांद्यावर पडली तर काय. कुणी बोलत असताना पाल चुकचुकली की ती बोटानं जमिनीवर टकटक करून ‘कृष्ण कृष्ण’ म्हणायची. आमच्या घरात पालीला आवाज होता आणि त्या आवाजाला अर्थही होता.

मोहरी चुकचुकत नाही. फार घाबरली तरच बारीकशी किंचाळते, एरवी गप्प. ती काचेवर चढत नाही, कारण तिच्या बोटांना घरच्या पालीसारख्या चिकटणाऱ्या गाद्या नाहीत, नुसती नखं आहेत. आणि तिला पापण्या आहेत. घरच्या पालीला त्या नसतात, ती जिभेनं डोळे पुसते. पहिल्या दिवशी मोहरीनं माझ्याकडे पाहून सावकाश डोळे मिटले, तेव्हा माझी निम्मी भीती तिथंच गेली. उरलेली निम्मी आता वेगळीच झाली होती. आपल्या हातून हिचं काही बरंवाईट तर होणार नाही ना, ही.

दुकानात सांगितलेलं सगळं सामान आम्ही आणलं होतं: वीस गॅलनची काचेची पेटी, तांबडा दिवा, पेटीखाली चिकटवायची हीट मॅट, वाळूची पिशवी आणि लपायला एक गुहा. “एवढं पुरे, या प्राण्याला फार काही लागत नाही,” असं आम्हांला सांगण्यात आलं आणि मी ते मानलं. रोज सकाळी काचेला तळहात लावायचे. ऊब लागली की समाधान वाटायचं.

सातव्या दिवशी मात्र मनात शंकेची पाल चुकचुकलीच. सरपटणाऱ्या प्राण्यांवर उपचार करणाऱ्या एका डॉक्टरांकडे तिला नेलं. त्यांनी मोहरीचं वजन केलं, १८ ग्रॅम. मग मला विचारलं, “गरम बाजूला जमिनीवर तापमान किती असतं?” मी म्हटलं, “उबदार असतं.” त्या शांतपणे म्हणाल्या, “आकडा सांगा.” माझ्याकडे आकडा नव्हता.

येताना इन्फ्रारेड थर्मामीटर विकत घेतला. घरी आल्यावर वाळू बाजूला सारली, मॅटच्या वरच्या काचेवर लाल ठिपका धरला. ११२ फॅरनहाइट, म्हणजे ४४ अंश सेल्सिअस. दुसऱ्या कोपऱ्यात ६६, म्हणजे १९. एका टोकाला पोट भाजेल इतकी आग आणि दुसऱ्या टोकाला गारठा. मधल्या चार बोटं जागेत ती बिचारी सहा दिवस पडून होती आणि मी तिच्यासमोर रातकिडे सोडत होते. लेक काही बोलली नाही. मी आधी मॅटची पिन उपटून काढली.

त्या दिवसापासून मी उष्णता नावाची गोष्ट नव्यानं शिकले. आपलं शरीर खाल्लेल्या अन्नातून स्वतःची ऊब तयार करतं. मोहरीचं शरीर ते करत नाही. ती ऊब जमिनीतून, दगडातून, हवेतून घेते. अन्न पचवायलासुद्धा तिला बाहेरची ऊब लागते. पोटाखाली गरम जागा नसेल तर गिळलेला किडा तसाच पोटात राहतो, म्हणून ती खातच नाही. तिला बरोबर कळत होतं, कळत नव्हतं ते मला. या जातीत तर नर की मादी हेसुद्धा अंडं किती उबेत राहिलं यावर ठरतं. २६ अंशांच्या आसपास बहुतेक माद्या होतात, ३२-३३ अंशांना नर जास्त.

म्हणजे आपण ऊब द्यायची नाही, उबेचा पर्याय द्यायचा. पेटीच्या एका बाजूला जमीन ९० फॅरनहाइट, म्हणजे ३२ अंश. दुसरी बाजू ७५, म्हणजे २४. मधे ती हवी तशी फिरेल. मॅटला थर्मोस्टॅट जोडला, त्याची तार जमिनीला चिकटवली. लपायच्या जागा तीन केल्या: एक गरम बाजूला, एक थंड बाजूला आणि मधे ओल्या शेवाळाचा डबा. वाळू काढून टाकली, कारण भक्ष्याबरोबर ती पोटात जाऊन आतडं तुंबू शकतं. तिच्या जागी स्वयंपाकघरातले पेपर टॉवेल आले. रात्रीही जळणारा तांबडा दिवा बंद झाला. आणि दोन आठवडे कुणी तिला हात लावायचा नाही, असं ठरलं. लेकीनं ते माझ्यापेक्षा चांगलं पाळलं.

अकराव्या दिवशी संध्याकाळी मोहरी गरम गुहेतून बाहेर आली. लेकीनं रातकिडा सोडला आणि आम्ही दोघी श्वास रोखून बसलो. मोहरीनं मान उचलली. पाय एकेक करून पुढे टाकले, इतके हळू की काट्यावर चालतेय असं वाटावं. मग थांबली. फक्त शेपटीचं टोक थरथरायला लागलं, मांजराचं थरथरतं तसं. आणि एका झेपेत रातकिडा तोंडात. कुरकुर आवाज काचेबाहेर ऐकू आला. तिनं गुलाबी जीभ काढून ओठ चाटले. लेकीनं माझा दंड इतका घट्ट धरला होता की बोटांचे वळ उठले.

आता रातकिड्यांची स्वतंत्र बरणी आहे आणि त्यांना गाजराचे काप व पालेभाजी मिळते, कारण किडा जे खातो तेच शेवटी मोहरीच्या पोटात जातं. देण्याआधी त्यांना कॅल्शियमच्या पावडरीत घोळवायचं, पोळीची गोळी पिठात घोळवतात तसं. नुसत्या किड्यांत कॅल्शियम फार कमी असतं. ते आणि डी-३ जीवनसत्त्व कमी पडलं की शरीर हाडांतलं कॅल्शियम काढून वापरतं, हाडं मऊ होतात, पाय वाकतात. तिची पेटी, तिची भांडी, तिचा वजनकाटा हे सगळं स्वयंपाकघराबाहेर. हाताळल्यावर साबणानं हात धुवायचे, कारण धडधाकट गेकोच्या अंगावरही साल्मोनेला जंतू असू शकतो.

एवढं शिकूनही एक चूक झालीच. फेब्रुवारीत एका सकाळी मोहरी पांढुरकी दिसली, अंगावर जणू दुधाची साय. मी घाबरले. ती कात टाकत होती. तोंडानं स्वतःची कात ओढून काढत होती आणि खातही होती. तासाभरात नवी कोरी, चकचकीत मोहरी समोर. आम्ही दोघी इतक्या हरखलो की बोटं पाहायचं राहिलं. शेवाळाचा डबा तीन दिवसांपासून कोरडा पडला होता, तेही लक्षात आलं नाही. चार दिवसांनी लेकीला दिसलं: मागच्या उजव्या पायाच्या एका बोटाभोवती जुन्या कातडीचं कडं, दोऱ्यासारखं आवळलेलं. पुढचा भाग काळपट पडला होता. कोमट पाण्यात तिचे पाय भिजवले, ओल्या कापसाच्या काडीनं कडं सोडवलं. पण रक्त थांबून फार वेळ झाला होता. काही दिवसांनी त्या बोटाचं टोक गळून पडलं. शेपटी तुटली तर हिला नवी फुटते, बोट फुटत नाही. त्या रात्री मला झोप आली नाही. ती ओरडली असती, कण्हली असती, तर मी धावले असते. ती गप्प राहिली आणि मी पाहिलं नाही.

पाळीव प्राणी म्हटलं की आपल्याला हाकेला ओ देणारा, शेपटी हलवणारा प्राणी आठवतो. मोहरी यातलं काही करत नाही. तिच्यावर माया करायची तर ती पाहूनच करावी लागते. शेपटी जाड आहे ना? चरबी तिथंच साठते. विष्ठेतला पांढरा भाग पांढराच आहे ना? डबा ओला आहे ना? लेकीच्या वहीत दर रविवारी वजन लिहिलं जातं. १८ ग्रॅमवरून आता ऑक्टोबरात ४७.

आईला हे सगळं फोनवर सांगत असते. तिला आधी किळस यायची. एकदा मी तिला सांगितलं की या पालीचं एक भावंड आपल्या सातपुड्यातच आहे. २०१४ साली झीशान मिर्झा, राजेश सानप आणि सहकाऱ्यांनी ते नवी जात म्हणून नोंदवलं आणि शास्त्रीय नावातच सातपुडा घातला. आई थोडा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, “अगं, अशी ठिपक्यांची पाल शेतात निघाली की विषारी म्हणून ठेचायचे.” गेकोची कुठलीच जात विषारी नसते. ते तिला सांगताना माझा आवाज जरा चढला. पाच वर्षांपूर्वी चोपड्याच्या घरात तशी पाल निघाली असती, तर मीही कुणाला थांबवलं नसतं.

नीट सांभाळली तर मोहरी पंधरा-वीस वर्षं जगेल. लेक तेव्हा पंचवीस-तिशीची असेल. तोवर दर कातेनंतर आमचं एक काम ठरलेलं आहे. लेक टॉर्च धरते, मी भिंग धरते आणि आम्ही एकेका पायाची बोटं मोजतो. पाच, दहा, पंधरा. शेवटच्या पायाशी लेकीचा आवाज जरा हळू होतो. “एकोणीस,” ती म्हणते, “आणि एक आखूड.” मग शेवाळावर पाणी शिंपडून आम्ही झाकण लावतो.