पाण्यावरील ऊन आणि चष्म्याची निवड

काळा चष्मा म्हटला कीं आपल्याकडील पालकांच्या कपाळास आठी पडते. तो छचोरपणाचा अलंकार, विद्यार्थ्यास न शोभणारा, असा समज पुष्कळ घरांतून दृढ झालेला आहे. मुलेंहि हा समज खोटा पाडण्याचे श्रम घेत नाहींत. तीं चष्मा आरशांत पाहून निवडतात. परंतु ज्या मुलांस होडी वल्हवावयाची, शीड सांभाळावयाचें किंवा कयाकमध्यें बसावयाचें असतें, त्यांच्या बाबतींत हा प्रश्न शोभेचा नसून दृष्टीचा आहे. म्हणून त्याविषयीं चार शब्द विद्यार्थ्यांच्या व त्यांच्या वडीलधाऱ्यांच्या कानीं घालावे असें आम्हांस वाटतें.

मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून सुटणारी लाँच उरणच्या मोरा बंदरास लागते. २०२४ सालीं अटल सेतु खुला झाला आणि उरणपर्यंत रेल्वेहि आली. परंतु मोऱ्याच्या कोळ्यांचें जीवित समुद्राशीं बांधलेलें आहे तें आहेच. बंदरावर उभें राहिलें असतां उत्तरेस घारापुरीचा डोंगर आणि पश्चिमेच्या अंगास मुंबई दिसते. तिसऱ्या प्रहरानंतर मुंबईकडे दृष्टि टाकावी तर आकाशांतील सूर्य एक आणि पाण्यावर पसरलेला दुसरा, अशा दोघांशीं डोळ्यांस झुंजावें लागतें.

येथील कोळीवाड्यांतला एक मुलगा आमच्या वर्गांत आहे. त्यास दर रविवारीं शिडाची होडी शिकण्याची संधि मिळाली. आईनें चष्म्यापुरते पैसे साठवून दिले, तेव्हां त्यानें आम्हांस विचारलें, “सर, काच जितकी काळी तितकी चांगली ना?” प्रश्न साधा होता, पण त्याच्या पोटीं एक मोठा भ्रम होता.

काळेपणा, अतिनील किरणांचा अटकाव आणि चकाकीचा अटकाव हे तीन गुण निरनिराळे आहेत. काच नुसती काळी असली आणि अतिनील किरण अडवीत नसली, तर अंधारामुळें डोळ्याची बाहुली मोठी होते व ते किरण उलट अधिक आंत शिरतात. म्हणून पहिली खूण ‘यूव्ही ४००’ ही पाहावी. ४०० नॅनोमीटरपर्यंतचे किरण ती काच अडविते असा तिचा अर्थ. हा गुण नुसत्या डोळ्यांनीं पारखतां येत नाहीं. चष्मेवाल्याकडे त्याचें यंत्र असतें, त्यावर तपासून घ्यावें. समुद्रावर हें विशेष अगत्याचें, कारण किरण वरून येतात तसेच खालूनहि येतात. समुद्राचा फेंस सुमारें शेंकडा २५ अतिनील किरण परत फेंकतो.

काळेपणाचे वर्ग ठरलेले आहेत. तिसऱ्या वर्गाची काच शेंकडा ८ ते १८ प्रकाश आंत येऊं देते, व भर उन्हांतील पाण्यावर ती पुरते. चौथ्या वर्गाची शेंकडा ३ ते ८ च येऊं देते. ती लावून वाहन चालवूं नये.

राहिली चकाकी. १८०८ सालीं मालूस नांवाच्या फ्रेंच शास्त्रज्ञानें पॅरिसमधील लक्झेंबुर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवरून परावर्तित झालेला सूर्यप्रकाश एका स्फटिकांतून पाहिला आणि स्फटिक फिरवितांच तो प्रकाश कमीअधिक होतो असें त्याच्या ध्यानीं आलें. परावर्तित प्रकाशाच्या लहरी बहुतांशीं एकाच दिशेनें कंप पावतात. पाण्यावरून येणाऱ्या लहरी आडव्या. ध्रुवित, म्हणजे पोलराइज्ड, काच आडव्या लहरी अडवून उभ्या तेवढ्या आंत घेते. सूर्य क्षितिजाच्या वर सुमारें ३७ अंशांवर असतां समोरच्या शांत पाण्याची चकाकी ती जवळजवळ पुसून टाकते. इतर वेळीं गुण कमी येतो, पण येतो.

आम्ही त्या मुलास घेऊन एके दिवशीं चारच्या सुमारास मोऱ्याच्या धक्क्यावर गेलों. एक रस्त्यावरचा गडद चष्मा आणि एक ध्रुवित चष्मा बरोबर नेला होता. गडद चष्म्यांतून पाणी काळें दिसलें आणि चकाकी राहिली ती राहिलीच. ध्रुवित चष्म्यांतून मात्र चकाकी विरली आणि जाळ्यांचे तरंगते बोये एकेक मोजतां आले. मोऱ्याचें पाणी गढूळ असल्यानें तळ कांहीं दिसला नाहीं. चष्मा चमत्कार करीत नाहीं, हेंहि त्यास कळलें. मोबाईलच्या पडद्यासमोर ती काच आडवी-उभी फिरवितांच एका स्थितींत पडदा काळवंडला. दुकानांत हीच परीक्षा करावी. मात्र होडीवरील यंत्रांचे पडदेहि असेच काळवंडूं शकतात, हें ध्यानांत ठेवावें.

बाकीचें व्यवहाराचें आहे. कांच फुटून डोळ्यांत जाऊं नये म्हणून ती पॉलिकार्बोनेटची असावी. चौकट हलकी व कानशिलांपर्यंत वळलेली, म्हणजे बाजूनें ऊन शिरत नाहीं. मागें दोरी बांधावी; समुद्रांत पडलेला चष्मा बहुधा बुडतो. घरीं आल्यावर गोड्या पाण्यानें मीठ धुवावें. आणि कोणताहि असा चष्मा लावून सूर्याकडे पाहूं नये.

चष्मा घेऊन तो मुलगा घरीं गेला, तेव्हां त्याचा बाप हंसून म्हणाला, “मास्तर, आमच्या बापान् कधीं असला चष्मा लावला नाय.” हें बोलणाऱ्या नाखव्याच्या उजव्या डोळ्यांत नाकाच्या बाजूनें मांस वाढून बुबुळावर चढलें होतें. ऊन, वारा आणि धूळ ज्यांस नित्य सोसावी लागते त्यांस हा विकार पुष्कळदां होतो. शस्त्रक्रियेनें तें काढतां येतें, पण पुन्हां वाढूंहि शकतें. मुलगा क्षणभर बापाच्या डोळ्याकडे पाहत राहिला. मग म्हणाला, “मी रविवारीं दोन तास पाण्यावर असतों, बाबा रोज दहा तास. मग हा कोणाचा?”

असा हिशेब आम्हीं फळ्यावर कधीं घातला नव्हता. हल्लीं तो चष्मा सहा दिवस नाखव्याच्या नाकावर असतो आणि रविवारीं मुलाच्या. दुसऱ्यासाठीं आईनें पुन्हां पैसे टाकण्यास आरंभ केला आहे.

पालकांस आमची विनंति एवढीच कीं, पाण्यावर जाणाऱ्या मुलानें चष्मा मागितला तर रागें भरण्यापूर्वीं त्याबरोबर दुकानांत जावें, आणि घरांत अधिक वेळ उन्हांत कोण असतो हेंहि त्यास विचारावें.