सांगणाऱ्यालाच दार बंद

मराठवाड्यातल्या वैदूंना आणि जाणत्या म्हाताऱ्यांना विचारून लिहिलेला झाडपाल्यावरचा एक शोधनिबंध वाचायला परदेशी प्रकाशकाने माझ्याकडे डॉलरमध्ये पैसे मागितले, ते मला अजून पचलेलं नाही.

मी मराठवाड्यातल्याच दिंद्रुडची. आजी काविळीला भुईआवळी ताकातून द्यायची. पावसाळ्यात बांधावर आपोआप उगवते, पानांखाली बारीक फळं धरते. एम.एस्सी.ला प्रकल्पासाठी मी तीच घेतली. तिच्यावरचं संशोधन शोधताना ‘फायलॅन्थस अमारस’ आणि ‘फायलॅन्थस निरुरी’ ही दोन्ही शास्त्रीय नावं टाकावीत. आपल्याकडच्या जुन्या लेखनात अमारसलाच निरुरी म्हटलेलं असतं, त्यामुळे एकाच नावाने निम्मी माहिती हातची जाते.

पबमेडवर 1988चा ‘लॅन्सेट’मधला मद्रासचा अभ्यास सापडला. हिपॅटायटिस ‘ब’चा विषाणू अंगात असलेल्या 37 जणांना महिनाभर ही वनस्पती दिली, त्यातल्या 22 जणांच्या रक्तातून त्याची खूण गेली, नुसती दिखाऊ गोळी घेतलेल्या 23 जणांत फक्त एकाची. लेखकांत नोबेलविजेते ब्लमबर्ग! आजीला फोन करून सांगितलं. नंतर खाली वाचत गेले, तर पुढच्या बहुतेक चाचण्यांत तसा गुण नीट दिसला नव्हता. आजीवरचा विश्वास त्याने गेला नाही, पण पुतण्याचे डोळे पिवळे झाले तेव्हा त्याला अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यातच नेलं. तुम्हीही आधी रक्त तपासून घ्या.

पण तो कुलूपबंद निबंध! ज्यांनी कामधंदा सोडून, चहा पाजून, रानात हिंडवून माहिती दिली, त्यांची नावंही सारांशात नाहीत. कुणाच्या रानातली मुळी, किती उगाळायची, कशातून द्यायची, हे सगळं पैसे भरल्यावरच दिसणार. त्यांच्या नातवंडांनी ते विकत घ्यायचं? सरकारी पैशातून झालेलं संशोधन तरी फुकट वाचता आलंच पाहिजे. चेन्नईच्या गणितविज्ञान संस्थेने ‘इम्पॅट’ या माहितीसंग्रहात चार हजारांवर औषधी वनस्पतींची माहिती सगळ्यांना खुली ठेवलीच आहे ना?

तरीही हळदीचं प्रकरण आठवलं की मी अडते. जखम भरण्यासाठी हळद वापरण्याचं पेटंट 1995मध्ये अमेरिकेत दिलं गेलं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, तिचे तेव्हाचे महासंचालक डॉ. माशेलकर यांच्या पुढाकाराने जुने ग्रंथ पुढे ठेवले आणि 1997मध्ये ते रद्द करवलं. त्यातूनच पुढे पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह उभा राहिला. तो बरीच वर्षं मुख्यतः पेटंट कार्यालयांपुरताच होता, आणि चोरांची भीती धरली तर ते मला पटतंही. पण तो ग्रंथांवर उभा आहे. आमच्या बायकांनी ग्रंथ कुठे लिहिले?

आजीच्या एका मैत्रिणीने मोडलेल्या हाडावरची मुळी मला दाखवली, पण नाव लिहू नको म्हणाली. प्रबंधात मी ते लिहिलं नाही. बरोबर केलं असंच वाटतं. पण तिच्यामागे ती मुळी ओळखणारं घरात कुणी नाही, आणि माझ्या वहीतलं ते नाव मी कुणाला द्यावं हे मला ठरवता येत नाही.