ऊन पाण्याचा झरा आणि बाईंचा तांब्या



गेल्या महिन्यात डॉक्टरांनी माझ्या गुडघ्यांचा एक्स-रे बघितला आणि म्हणाले, "झीज झालीय, शेक घेत जा." घरी येऊन गरम पाण्याची पिशवी गुडघ्यावर ठेवली आणि बाई आठवल्या. बाई म्हणजे माझ्या सासूबाई.

१९८८ सालची गोष्ट. बाईंचे गुडघे इतके धरले होते, की पणदऱ्यातल्या आमच्या घराच्या दोन पायऱ्या उतरायलासुद्धा त्यांना भिंतीचा आधार लागायचा. सामायिकाला मांडी घालता येत नाही, याचंच त्यांना जास्त दुःख. काढे, लेप, गोळ्या सगळं झालं. शेवटी भिवंडीच्या नणंदेनं गणेशपुरीची ऊन पाण्याची कुंडं सुचवली. मुलांना जाऊबाईंकडे ठेवून मी बाईंना घेऊन आठ दिवस तिथे गेले.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी ही ठाणे जिल्ह्यातली, तानसा नदीच्या परिसरातली गावं. वज्रेश्वरीचं किल्ल्यासारखं देऊळ चिमाजी अप्पांच्या नवसाचं. १७३९ मध्ये वसई जिंकल्यावर ते बांधलं. झरे मात्र त्याच्या कितीतरी आधीपासूनचे. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटियरमध्ये 'वज्राबाई' या नावानं त्यांची नोंद आहे. १९३६ च्या सुमारास स्वामी नित्यानंद गणेशपुरीला येऊन राहिले, तेव्हा तिथे बहुतेक रानच होतं. त्यांच्या दर्शनाला माणसं येऊ लागली, तशी वस्ती वाढली, उतरायच्या सोयी झाल्या. १९६१ मध्ये त्यांनी देह ठेवला, तरी दुखणाईतांची ये-जा चालूच राहिली. देवदर्शन आणि अंगाचं दुखणं, दोन्ही एकाच पिशवीत घालून माणसं येत राहिली आणि त्यातून हे आरोग्याचं ठिकाण घडलं.

आम्ही पहाटे कुंडावर गेलो. थंडीत पाण्यावर वाफ तरंगत होती. काही कुंडांचं पाणी ५० अंशांच्या आसपास असतं, पाय टाकला की आधी चटकाच बसतो. बायका एकमेकींना धरून उतरत होत्या. बाई मात्र काठावरच थांबल्या.

"अगं, हे पाणी चुलीवर कुणी ठेवलं नाही. मग हे अचित्त कसं म्हणायचं?"

मी बी.कॉम. झालेली, मोठ्या तोऱ्यात समजावलं. पावसाचं पाणी खडकाच्या भेगांतून खोल जातं, पृथ्वीच्या पोटातल्या उष्णतेनं तापतं आणि दुसऱ्या भेगेतून वर येतं. पार पालघरपासून राजापूरपर्यंत सह्याद्रीच्या पश्चिमेला असे झरे आहेत.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग पिशवीतून तांब्या आणि गळणं काढलं, पाणी गाळलं, गळण्यातली जिवाणी हळूच कुंडात परत सोडली आणि मोजून दहा तांबे गुडघ्यांवर घेतले. कुंडात काही उतरल्या नाहीत.

"एवढं करायचं होतं तर आलो कशाला? घरी बंब नव्हता का?" मी फटकन बोलले. बाई काहीच बोलल्या नाहीत. आठही दिवस रोज दहा तांबे.

बाई गेल्यानंतर काही वर्षांनी चातुर्मासात महासतीजींनी भगवती सूत्रातला प्रसंग सांगितला. राजगृहीला वैभारगिरीच्या पायथ्याशी ऊन पाण्याचा झरा होता. त्याबद्दल भगवंतांनी सांगितलं आहे, की तिथे उष्ण योनीचे जीव पाणी होऊन जन्म घेतात. राजगीरचे झरे आजही वाहतात. सातव्या शतकात ह्युएन त्संग तिथे गेला होता, तेव्हाही रोगी तिथे स्नानाला येत, असं त्यानं लिहून ठेवलंय.

मी खाली मान घालून ऐकत होते. बाईंना सूत्र वाचता येत नव्हतं. पण चूल नाही तिथे पाणी जिवंत असणार, हे त्यांना काठावर उभ्या उभ्या कळलं होतं. संवत्सरीला सगळ्यांना खमावलं, बाईंना मनातल्या मनात. समोर असताना खमावायला हवं होतं.

तर मग गुडघ्यांना गुण आला का? खरं सांगते, परतल्यावर बाई महिनाभर भिंत न धरता पायऱ्या उतरल्या, पुढे दुखणं पुन्हा सुरू झालं. जमाखर्च मांडायची माझी सवय. उष्णतेनं आखडलेले स्नायू सैल होतात, तेवढं झऱ्याच्या नावे जमा. पण लग्न झाल्यापासून बाईंना चूल, धुणं, गडीमाणसांचं जेवण यांतून सलग आठ दिवस सुट्टी पहिल्यांदाच मिळाली होती. मोठी रक्कम त्या खात्यात जमा करावी लागते. त्यासाठी गुडघे दुखेपर्यंत थांबायला नको होतं, हे तेव्हा घरात कुणाच्या लक्षात आलं नाही. माझ्याही नाही.

तुम्ही जाणार असाल तर रक्तदाब, साखर किंवा हृदयाचा त्रास असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. साखरेमुळे पाय बधिर असतील तर चटका कळत नाही. पाण्यात फार वेळ बसू नका, साबण तर नकोच.

मी या थंडीत सुनेला घेऊन जाणार आहे. तांब्या बाईंचाच नेईन. आणि आठ दिवस सुनेलाही स्वयंपाकाला सुट्टी.