भाद्रपदातलं सियाचिन

पोलादपूर,
नारळी पौर्णिमा

चि. भाचेबुवा यांस,
अनेक आशीर्वाद.

यंदा गणपतीपुढे सियाचिनची चौकी मांडायचं ठरवलंस, हे झकास केलंस. घरटी सैनिक देणारं फौजी आंबवडे आपल्याच महाड तालुक्यात असताना दरवर्षी कैलास नाहीतर अमरनाथच कशाला? आता तुझा प्रश्न, बर्फ कापसाचा करू की थर्मोकोलचा? दोन्ही नको. थर्मोकोलच्या सजावटीवर राज्यात 2018 मध्ये बंदी आली, पण ती नसती तरी मी नकोच म्हटलं असतं.

हिशेब करून बघ. तुझे प्लॅस्टिकचे जवान पाच सेंटिमीटर उंच. खरा माणूस पावणेदोन मीटरचा धरला, तर प्रमाण झालं 1:35. थर्मोकोलचा दोन मिलिमीटरचा दाणा त्या जवानाच्या हिशेबाने सात सेंटिमीटरचा. ही तर गारपीट झाली! चमकीचा मिलिमीटरभर तुकडा म्हणजे त्याच्या पायाशी पडलेली साडेतीन सेंटिमीटरची काच. कापूस पिंजला की त्याची टोकं वर उभी राहतात, आणि बर्फ तर बसतो. तीन फूट बर्फ दाखवायला थर हवा अडीच सेंटिमीटरहून किंचित जास्त. म्हणजे थर दिसला पाहिजे, दाणा दिसता कामा नये.

थर कसा बसतो हे महाडकराला वेगळं शिकवायला नको. 2021 च्या जुलैत पुराचं पाणी ओसरल्यावर गाळ कुठे कुठे होता ते आठव. कपाटांच्या माथ्यावर, पंख्याच्या पात्यांवर वरच्या अंगाला, चौकटींच्या कडांवर. उभ्या भिंतीवर नुसता लेप. बर्फही सपाट जागी साचतो, उभ्या कड्यावरून घसरतो आणि कुठलाही कोपरा धारदार ठेवत नाही.

जवळचा नमुना बघायचा तर थंडीत आंबेनळी घाट चढून महाबळेश्वरला ये, पहाटे वेण्णा लेकच्या काठावर जाऊ. कडाका पडला की जेटीच्या फळ्यांवर, गाड्यांच्या टपांवर, स्ट्रॉबेरीच्या पानांवर दव गोठतं. झाडाखाली उभ्या केलेल्या गाडीचं टप मात्र बहुधा कोरडं असतं. रात्री जमिनीची ऊब उघड्या आकाशाकडे निघून जाते. डोक्यावर फांद्या असल्या की तिला अडसर होतो. ते दव जागच्या जागी गोठलेलं, बर्फ ढगातून पडलेला, हा फरक आहेच. तरी आकाश दिसतं तिथे पांढरं, एवढा नियम दोघांनाही लाव. चौकीतल्या हटच्या छपराखालच्या बाजूला, बंदुकीच्या पोटाला पांढरा हात फिरवत बसू नकोस.

मग सामान काय? मीठ वापरू नकोस. हवेतली आर्द्रता पंचाहत्तर टक्क्यांच्या वर गेली की मीठ पाणी ओढून विरघळायला लागतं, आणि भाद्रपदात आपल्याकडे याहून कोरडे दिवस शोधावे लागतील. खायचा सोडा फेव्हिकॉलमध्ये छान बसतो, पण काही काळाने पिवळट पडतो. साखरेला मुंग्या, तांदळाच्या पिठाला बुरशी. आपली पांढरी रांगोळी सगळ्यात उत्तम. ती दगडाची पूड. ओल धरून विरघळत नाही, सडत नाही. मलमलच्या फडक्यातून दोनदा गाळ, आणि गाळताना तोंडाला रुमाल बांध. 1939 च्या ‘द विझर्ड ऑफ ऑझ’ या हॉलिवूडच्या चित्रपटात नायिकेवर पडणारा बर्फ ॲस्बेस्टॉसचा होता असं सांगतात. छातीत जाणारी धूळ साधी समजायची नसते.

खाली चुरगळलेल्या रद्दीवर खळीत भिजवलेलं जुनं धोतर पसरून डोंगर कर. वाळला की पांढरा रंग दे, नाहीतर फटींतून धोतर डोकावेल. रांगोळी, फेव्हिकॉल आणि थोडं पाणी एकत्र करून इडलीच्या पिठाइतकं घट्ट कालव. त्यात किंचित नीळ टाक, चुन्यात टाकतात तशीच. पिवळटपणा मारला जातो, आणि बर्फातल्या सावल्या निळसर असतात, तेही साधतं. हा थर ओला असतानाच चहाच्या गाळणीतून कोरडी रांगोळी वरून झाड. हाताने थापू नकोस, पडू दे.

पण त्याआधी वारा कुठून येतो ते ठरव आणि त्या बाजूला पुठ्ठ्यावर बाण काढून ठेव. वाऱ्याच्या तोंडाला हटच्या पायथ्याशी बर्फ खरवडला जाऊन खोबण पडते. आडोशाला लांब शेपटीचा ढीग साचतो. जेरीकॅन, गोणी, झेंड्याची काठी, सगळ्यांच्या शेपट्या एकाच दिशेला हव्यात. नुसता पांढरा डोंगर कुठलाही असू शकतो. शेपट्या जुळल्या की तो वाऱ्यातला डोंगर होतो.

शेवटी हा बर्फ मळव. 13 एप्रिल 1984 ला सियाचिनवर ‘ऑपरेशन मेघदूत’ सुरू झालं, तेव्हापासून तिथे आपली माणसं राहतात. ऊब, स्वयंपाक, पिण्यासाठी बर्फ वितळवणं, सगळ्याला बरीच वर्षं रॉकेलचाच आधार होता. तेव्हा फायबरच्या हटच्या दाराशी काजळी हवी, दारापासून पहाऱ्याच्या जागेपर्यंत दबलेली पायवाट हवी. कोळशाची पूड सुक्या ब्रशने, अगदी चिमूटभर. पायवाट मात्र मिश्रण ओलं असतानाच जवानाचे पाय टेकवून उमटव.

आंबवड्याचा कुणी जवान सुट्टीवर आला असेल तर त्याला आरतीला बोलाव आणि देखावा दाखव. चुका काढू दे. वरची रांगोळी कोरडीच असेल, ब्रशने सरकवून तिथल्या तिथे दुरुस्त कर.

ताईला नमस्कार. दीड दिवसाचा आमचा गणपती बोळवला की तिकडे येतो.

तुझा,
मामा