सॅन अँटोनियोतलं 'होणं'

टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला येणारे आपले पाहुणे आलामो बघतात, रिव्हर वॉकवर बोटीतून एक फेरी मारतात आणि दुसऱ्या दिवशी ऑस्टिनकडे निघतात. इथे राहणाऱ्याला मात्र हे शहर आधी कानांनी कळतं. निम्म्याहून अधिक वस्ती लॅटिनो. किराणा दुकानात, बसमध्ये, बागेत सगळीकडे स्पॅनिश. भाजी घेताना चार शब्द बोलता यावेत, म्हणून मी घराजवळच्या ग्रंथालयात भरणाऱ्या स्पॅनिशच्या वर्गाला जाऊ लागले.

सुरुवात सोपी वाटली. 'मला आंबा आवडतो' हे 'मे गुस्ता एल मांगो'. 'मे' म्हणजे मला. इंग्रजीतल्या 'आय लाइक'पेक्षा ही रचना आपल्याला जवळची. मग आलं 'बिकम'. इंग्रजीत तो एक शब्द बहुतेक ठिकाणी चालतो, मराठीत 'होणे' चालतं. स्पॅनिशमध्ये मात्र आधी ठरवावं लागतं, की झालं ते कसं झालं?

लाजून लाल झाली, घाबरा झाला, अशा घटकाभरच्या बदलाला 'पोनेर्से'. कपडे अंगावर चढवायलाही हेच क्रियापद. चढवले तसे उतरतात. स्वभावच पालटला, माणूस वेडा झाला, तर 'बोल्बेर्से'. यात वळण्याचा अर्थ आहे. स्वतः ठरवून, कष्ट करून डॉक्टर झाली तर 'आसेर्से', म्हणजे स्वतःला घडवणं. लांबची मजल मारून अध्यक्ष झाला तर 'येगार आ सेर', म्हणजे होण्यापर्यंत पोचणं. आणि एखादी विधवा झाली, मूल पोरकं झालं, कुणी आंधळं झालं, तर 'केदार्से'. काहीतरी घडून गेलं आणि माणूस मागे तसा उरला. 'केदार्से'चा साधा अर्थ राहणं, थांबणं असाही आहे.

आपल्याकडेही असे बारकावे आहेत. आपण आजारी 'पडतो', वेड 'लागतं', चेहरा काळवंडतो. पण 'डॉक्टर झाली' आणि 'विधवा झाली' यांना आपल्याला एकच क्रियापद पुरतं.

एके दिवशी बाईंनी प्रत्येकाला स्वतःबद्दल दोन वाक्यं बोलायला सांगितली. माझं पहिलं सोपं होतं. मी शिक्षिका झाले : 'मे ईसे माएस्त्रा'. एम. ए., बी. एड., मग सांगलीच्या शाळेत नववीला मराठी. हे सगळं माझं मी केलं होतं. दुसरं वाक्य, मी गृहिणी झाले. इथे 'आसेर्से' जिभेवर येईना. लग्नानंतर अवलंबिताच्या व्हिसावर आले, नोकरीची परवानगी नव्हती. शेवटी म्हटलं, 'मे केदे एन कासा'. घरी राहिले. बाई म्हणाल्या, यात तू राहिलीस की तुला राहावं लागलं, हे वाक्य सांगत नाही. मला तेवढी मोकळीक बरी वाटली.

माझ्यानंतर वर्गातल्या एका आजींची पाळी होती. सत्तरी ओलांडलेल्या, आडनाव स्पॅनिश, जन्म याच शहरातला. त्या हे वर्ग कशाला करतात, याचं मला नवल वाटायचं. त्या म्हणाल्या, 'मे केदे सिन एस्पान्योल.' मी स्पॅनिशवाचून उरले. त्यांच्या लहानपणी, 1960च्या दशकापर्यंत, टेक्सासच्या अनेक शाळांत स्पॅनिश बोललं की मुलांना शिक्षा होई. घरोघरी आईबापांनी मुलांशी इंग्रजीच बोलायचं ठरवलं. आता बहिणीला दोन ओळींचं पत्र लिहायचं तरी आजींना शब्दकोश लागतो.

त्या म्हणाल्या, आमचे पूर्वज कुठून आले नाहीत, देशच येत-जात राहिले. खरंच आहे. 1718 साली स्पेनने वसवलेलं हे गाव 1821 मध्ये मेक्सिकोचं झालं, 1836 मध्ये टेक्सास प्रजासत्ताकाचं, 1845 मध्ये अमेरिकेचं. लोक जागच्या जागी 'केदार्से' झाले. दक्षिणेला मिशन एस्पादापाशी अठराव्या शतकातला पाट आहे. त्याला 'आसेक्या' म्हणतात. त्यात अजून पाणी वाहतं. पाहुणे आले की आता आम्ही त्यांना आवर्जून तिकडे नेतो.

आजींचं वाक्य ऐकल्यापासून मी घरी लेकीशी मराठीच बोलते. तिला इथे कुणी मराठी बोलल्याबद्दल छडी मारत नाही. शाळा, मैत्रिणी, टीव्ही सगळं इंग्रजीत, आणि दमलेल्या आईबाबांनाही इंग्रजीतच उत्तर देणं सोयीचं. एवढ्यानेही 'सिन मराठी' होता येतं. दर रविवारी तिच्याबरोबर आणखी पाच मुलं आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बाराखडी गिरवतात. ती मला 'बाई' म्हणतात. पगार नाही, हजेरीपट मात्र आहे. या 'बाई' होण्याला कोणतं क्रियापद, हे मला कुणाला विचारावं लागलं नाही : मे ईसे.