कस्तुरीच्या जोडीला

चि. ताईस,


पत्र मिळालं. दत्तजयंतीच्या यात्रेला सारंगखेड्याला जायचं, तुझ्या कस्तुरी घोडीच्या जोडीला दुसरा घोडा घ्यायचा आणि पुढे दोघांनी मिळून धोमच्या कालव्याकडेने रपेटीला जायचं, हा बेत मला आवडला. खर्चाबद्दल काही बोलत नाही, ते तुझ्या आईने बोलून घेतलं असेलच. जावईबापूंनी पाठवलेले चारही फोटो नीट पाहिले. चारही घोडे देखणे आहेत. चारांपैकी एकही घेऊ नका.

रागावू नकोस. तुम्ही घोडा शोधताय जावईबापूंसाठी. ते आठवड्यातून एखाद-दोन वेळा त्याच्यावर बसतील. कस्तुरी मात्र रात्रंदिवस त्याच्याशेजारी राहणार, म्हणून निवड तिच्याकडे बघून करा. घोडं एकटं राहण्यासाठी घडलेलंच नाही. एक उभं राहून कान टवकारतं, तेव्हा दुसरं निर्धास्त आडवं होतं. फ्रान्समधल्या कामार्ग घोड्यांवर 1993 साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. घोडी एकमेकांची मानेच्या बुडाशी, पाठ सुरू होते तिथे, खाजवाखाजवी करतात. त्या जागी खाजवलं की हृदयाचे ठोके मंदावतात, असं त्यात दिसलं. स्वित्झर्लंडने तर 2008 च्या नियमांत लिहूनच टाकलंय की घोड्याला दुसरं घोडं दिसलं, ऐकू आलं आणि त्याचा वास आला पाहिजे. कस्तुरी कुंपणाशी उभी राहून रस्त्याकडे बघत असते असं तू लिहितेस, त्यात मला नवल वाटलं नाही.

आता जोड कशी बघायची ते सांगतो. लोक उंची बघतात, रंग बघतात. मी आधी साधी चाल बघेन. दौड नाही, दुडकी नाही, नुसतं चालणं. तुमच्या रपेटीतला बहुतेक वेळ चालण्यातच जाणार आहे. चांगलं चालणारं घोडं तासाला सहा किलोमीटरच्या आसपास जातं, आळशी घोडं त्याहून बरंच कमी. मागचं घोडं दर दोन मिनिटांनी दुडक्या मारत पुढच्याला गाठू लागलं की दोघंही वैतागतात, आणि वर बसलेलेही. तुझ्या मामीबरोबर मी सकाळी फिरायला जातो तेव्हा नेमकं हेच होतं, पण आम्हाला निदान भांडता येतं. कस्तुरी मारवाडी आहे, 59 इंचांची आणि लांब पाऊल टाकणारी. शिवाय ती रवाल चालते. तिच्या पाठीवर तू भरल्या पेल्यातलं पाणी न सांडता जाशील आणि शेजारी दुडकीवर जावईबापूंची हाडं खिळखिळी होतील. म्हणून मारवाडी किंवा काठियावाडीच बघा, आणि जमलं तर रवालच.

भीमथडी तट्टू घ्यायचं तुझ्या मनात होतं. मलाही त्या तट्टांचं फार प्रेम आहे. धनगरांचा अख्खा संसार पाठीवर घेऊन ती घाट चढतात, आणि आता कुठे त्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंद झाली. पण उंची पन्नास इंचांच्या आसपास. कस्तुरीच्या एका पावलाला त्याला दीड टाकावं लागेल. शिवाय खोगिरासकट स्वाराचं वजन घोड्याच्या वजनाच्या पाचव्या भागापेक्षा जास्त नसावं असा ढोबळ हिशेब असतो. जावईबापूंचं वजन मी विचारत नाही. पुढेमागे नातीसाठी तट्टू घ्यायचं झालं तर मी स्वतः शोधून देईन.

दुसरी गोष्ट, नर की मादी. फोटोतले चारही अंडील आहेत. आपल्याकडे घोडा खच्ची करणं अनेकांना त्याचा अपमान वाटतो, त्यामुळे बाजारात खच्ची केलेला शांत घोडा कमी मिळतो आणि त्याला किंमतही कमी येते. तुमचा फायदा तिथेच आहे. घोडी उन्हाळ्याच्या सुमारास साधारण दर 21 दिवसांनी माजावर येते. तेव्हा शेजारी अंडील घोडा असेल तर रपेट विसरा, कुंपण टिकलं तरी पुष्कळ. दोन घोड्या एकत्र राहतात, पण कस्तुरीचा स्वभाव मालकिणीवर गेलाय, त्यामुळे तोही धोका नको. खच्ची केलेला, आठ ते बारा वर्षांचा, चार रस्ते पाहिलेला घोडा घ्या. उसाच्या ट्रॉल्या आणि त्यांवरची मोठ्याने लावलेली गाणी ज्याला नवीन नाहीत, असा.

वय विक्रेत्याला विचारू नका, दात बघा. पुढच्या दातांची पहिली जोडी अडीच वर्षांनी बदलते, दुसरी साडेतीनला, कडेची साडेचारला, आणि पाचव्या वर्षी तोंड भरतं. वरच्या कडेच्या दातावर हिरडीपाशी दहाव्या वर्षाच्या सुमारास एक उभी खाच दिसू लागते. पंधराव्यापर्यंत ती अर्ध्यावर येते, विसाव्यापर्यंत खालपर्यंत. अंदाज वर्ष-दोन वर्षांनी चुकतो, पण दहा आणि अठरा यांतला फरक लपत नाही. म्हाताऱ्या घोड्याच्या दातात खळगे कोरून त्याला तरुण करणारे कारागीर पूर्वीपासून आहेत, म्हणून नुसत्या खळग्यांवर जाऊ नका.

बाजारात तुम्हाला नाचणारे घोडे दाखवतील. गर्दी तिथेच असते. हलगी वाजली की पुढचे पाय छातीपर्यंत उचलणारा घोडा बघायला मलाही आवडतो. पण तो वाजंत्रीवर तयार झालेला असतो. तुमच्या वाईत गणपतीच्या दिवसांत ढोल वाजला की तो कोणाच्या सांगण्याची वाट बघणार नाही. मग अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांची चर्चा सुरू होईल. हा देवमण, तो अशुभ, ही गोम धन्याला खाते. शांतपणे ऐकून घ्या. उलट एखादा निरोगी, गुणी घोडा केवळ वाईट जागच्या भोवऱ्यामुळे स्वस्त होत असेल तर मला लगेच फोन करा.

पसंत पडलेल्या घोड्यावर आधी त्याच्या माणसाला बसू दे. इतर घोड्यांबरोबर जाऊ दे, पुढे, मागे, शेजारी. नंतर त्याला एकट्याला कळपापासून लांब न्यायला सांग. खरी परीक्षा हीच आहे. जो घोडा दहा पावलांवर अडतो, फिरतो, खिंकाळून गाव डोक्यावर घेतो, तो उद्या कस्तुरीला चिकटेल आणि तिलाही तशीच करेल. मग जावईबापू बाहेरगावी गेले की तुझीही रपेट बंद. चारही पाय उचलून बघा, मोहरकी घालू देतो का, गाडीत चढतो का ते बघा. दुसऱ्या दिवशी सकाळी न सांगता पुन्हा जा. आदल्या दिवशी डुलक्या घेणारा गरीब घोडा रात्रीत वाघ झाला असेल, तर त्याला गुंगीचं काहीतरी दिलं होतं असं समजा आणि पुढे चला.

एका बाबतीत मी ऐकणार नाही. यात्रेतून आणलेला घोडा थेट कस्तुरीशेजारी बांधायचा नाही. निदान तीन-चार आठवडे लांब, वेगळी बादली, वेगळा तोबरा, वेगळा खरारा. सर्दीसारखं काही असेल तर ते तेवढ्यात वर येतं. आणि सरकारी पशुवैद्यकाकडून रक्त तपासून घ्या, ग्लँडर्ससाठी तर नक्कीच. त्या रोगाला उपचार नाही. जनावर बाधित निघालं तर कायद्याने मारावं लागतं, आणि तो माणसालाही होतो. नोकरीत असताना असं एक घोडं मी पाहिलंय. त्याच्या मालकाच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. जमलं तर बयाणा देण्याआधीच रक्त पाठवा.

मग ओळख. आधी मधे भक्कम कुंपण ठेवून काही दिवस. किंचाळणं, पाय आपटणं होईल, होऊ दे. नंतर मोठ्या मोकळ्या रानात सोडा, कोपऱ्यात अडकेल अशा जागी नाही, आणि नालबंदाकडून मागच्या पायांचे नाल आधी काढून घ्या. चारा दोन ढिगांत, लांब लांब. पाणीही दोन ठिकाणी. कस्तुरी त्याला हाकलेल. तो हटला की बहुतेक प्रश्न मिटतो.

रपेटीला लागलात की पुढे कोण हे रोज बदला. आणि सुरुवातीपासून दोघांना थोडं थोडं वेगळंही काढा, आज ती वळणापर्यंत, उद्या तो. हे टाळलं तर सहा महिन्यांत दोन घोड्यांचा एकच हट्टी, आठ पायांचा प्राणी तयार होतो. जावईबापूंना सांग, घोडा तुमच्या दोघांच्या पैशाचा असला तरी पागेचा कारभार तुझ्याकडे. म्हणजे तू शिलेदार आणि ते बारगीर. हसतील बिचारे.

निघण्याआधी तारीख कळव. गुडघे बरे असले तर मीही येईन, नाहीतर दातांचे आणि चालण्याचे व्हिडिओ पाठव. चालण्याचे बाजूने घे, समोरून नको.

तुझा
मामा

ता. क. चौथ्या फोटोतला पांढरा नुकरा जावईबापूंच्या फार मनात भरलाय असं दिसतं. त्याची कातडी गुलाबी असते, उन्हात नाकपुडी भाजते, आणि वाईच्या पावसाळ्यात तो रोज चिखलाच्या रंगाचा होईल. खरारा रोज ते स्वतः करणार असतील, तर खच्ची नुकरा शोधायला माझी हरकत नाही.