मार्कोव्ह्याचा बागाईतदार

कोल्हापूरच्या माणसाला पोलंड अगदीच परका नाही. आमच्या महावीर उद्यानात पोलिश निर्वासितांचा स्मृतिस्तंभ उभा आहे आणि शहराच्या जवळच असलेल्या वळिवडे गावी 1943 ते 1948 या काळात सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांतही बहुतेक बायका आणि मुले, छावणी करून राहून गेली. जुन्या मंडळींच्या गप्पांत त्यांचा विषय अजून निघतो. तेव्हा क्राकूफच्या एका परिसंवादाचे आमंत्रण आले, तेव्हा मी त्याला दोन दिवसांचे शेपूट जोडून घेतले. परिसंवादात काय झाले ते सांगून वाचकांचा फराळ बेचव करीत नाही. सांगायचे आहे ते शेपटातल्या दोन दिवसांविषयी.

क्राकूफला येणारा प्रवासी आउश्वित्झला जातो. जावेच. पण लाखांच्या आकड्यांपुढे माणसाची बुद्धी बधिर होते, असा माझा अनुभव आहे. मला एक गाव पाहायचे होते, एक घर पाहायचे होते. 2023 च्या सप्टेंबरात वर्तमानपत्रात एक जुने कृष्णधवल छायाचित्र पाहिल्याचे आठवत होते. एक शेतकरी, त्याची बायको आणि त्यांची मुले. कॅथलिक चर्चने त्या सगळ्या कुटुंबाला एकाच दिवशी ‘धन्य’ म्हणून घोषित केले होते. गावाचे नाव मार्कोव्हा आणि शेतकऱ्याचे नाव युझेफ उल्मा.

क्राकूफहून पूर्वेला जाणारी आगगाडी झेशुफवरून वाइन्त्सुतला जाते. हे वाइन्त्सुत लिहिताना पहिले अक्षर ‘एल’ असते, पण त्याच्या पोटातून एक तिरकी रेघ गेलेली असते. त्या रेघेसरशी ‘ल’चा ‘व’ होतो. भाषेच्या मास्तराला असल्या गोष्टींत फार रस. आणखी एक गंमत म्हणजे पोलिश भाषेत ‘होय’ला ‘ताक’ म्हणतात. डब्यात माझ्यासमोर बसलेल्या आजीबाई मोबाइलवर अर्धा तास नुसते ‘ताक, ताक, ताक’ करीत होत्या आणि मला घरच्या जेवणाची आठवण येऊन पोटात कालवाकालव होत होती.

वाइन्त्सुतला सरदार घराण्याचा मोठा वाडा आहे. तो पाहण्यासारखा आहे म्हणतात. मी पाहिला नाही. तिथून मार्कोव्हा सात-आठ किलोमीटर. सपाट काळी-करडी जमीन, बीट आणि बटाट्यांची शेते, मधूनच सफरचंदांची बाग आणि रस्त्याच्या कडेने लांबच लांब पसरलेले गाव. आपल्याकडे गाव म्हटले की पार, चावडी, वेस असे काही मध्यावर असते आणि घरे त्याला बिलगून असतात. इथे घरे रस्ता धरून मैलोगणती चालत गेली आहेत.

या गावाची एक गोष्ट ऐकून मी चकित झालो. 1930 च्या दशकात मार्कोव्ह्याच्या शेतकऱ्यांनी सहकारी तत्त्वावर दवाखाना काढला होता; खेड्यातली अशी आरोग्य-सहकारी संस्था पोलंडमध्ये ही पहिली. सहकारी दूधसंस्था होती, तरुणांची मंडळे होती, नाटके होत. साखर कारखान्यांच्या मुलखातून आलेल्या मला हे सारे घरचेच वाटले. युझेफ उल्मा या हवेत वाढलेला माणूस. त्याला केवळ भाविक म्हणून बाजूला काढले तर तो अर्धाच कळतो.

त्याचा जन्म 1900 चा. शिक्षण गावच्या शाळेत, पुढे बऱ्याच उशिरा पिल्झ्नोच्या शेतकी शाळेत. तिथून तो 1930 मध्ये बाहेर पडला. जमीन बेताची. पण गावात फळझाडांची पहिली रोपवाटिका घातली ती त्याने. सफरचंदाची कलमे कशी बांधायची हे तो येईल त्याला शिकवी. आपली विद्या मुठीत झाकून ठेवणारे कारागीर आपण पुष्कळ पाहतो. या माणसाची मूठच उघडी. त्याने मधमाश्या पाळल्या, तुती लावून रेशमाचे किडे पाळले. 1933 च्या प्शेवोर्स्कच्या शेतकी प्रदर्शनात त्याला दोन बक्षिसे मिळाली, एक स्वतः कल्पिलेल्या मधपेट्या आणि अवजारांबद्दल, दुसरे रेशीमपालनाबद्दल. तो काही काळ दूधसंस्थेचा कारभार पाहत होता. कॅथलिक तरुणांच्या मंडळात ग्रंथपाल होता. पुस्तके बांधायचा. वाऱ्यावर फिरणारे एक यंत्र जुळवून त्याने घरापुरती वीज केली होती. गाव अजून रॉकेलच्या दिव्यात होते. आणि कातडी कमावण्याचा उद्योगही तो करी.

इथे मी जरा थांबलो. आपल्याकडे कातडी कमावणाऱ्या माणसाचे घर गावाच्या कोणत्या टोकाला असायचे, त्याच्या हातचे पाणी कोण पीत असे आणि कोण नसे, हे मी सांगायला नको. कोल्हापुरी पायताणाचे कौतुक साऱ्या जगाला, पण ते चामडे कमावणाऱ्या ढोरवाड्याकडे फिरकणारे किती? हा मनुष्य सकाळी मधपेट्या उघडी, दुपारी कातडी घाशी आणि रविवारी चर्चमध्ये पहिल्या बाकावर बसला तरी कोणाला खटकत नसे. अर्थात पोलंडच्या खेड्यातही वेशीबाहेरची माणसे होतीच. त्यांची जात निराळ्या नावाची होती. तिच्याकडे येतोच.

युझेफला आणखी एक नाद होता, छायाचित्रांचा. गावातली लग्ने, मुलांचे पहिले ‘कम्युनियन’, मयते, शेतावरची कामे असे सगळे त्याने टिपून ठेवले आहे. 1935 मध्ये त्याचे विक्तोरियाशी लग्न झाले. ती त्याच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान, गावच्या नाटकांत काम करणारी, शेजारच्या गावी लोकविद्यापीठाच्या वर्गांना जाऊन आलेली. लग्नानंतर त्याच्या कॅमेऱ्याला दुसरे काही सुचेना. विक्तोरिया मुलांना न्हाऊ घालते आहे, विक्तोरिया थोरल्या मुलीचा अभ्यास घेते आहे. फोटोतली मुले अनवाणी, केस विस्कटलेले, उन्हाने डोळे बारीक केलेले. आपल्या अल्बममध्ये असतात तशीच.

हे घर आता उभे नाही. गावात 2016 मध्ये संग्रहालय झाले. बाहेरून ते एका टोकदार छपराच्या घरासारखे दिसते आणि आत काचेच्या भिंतींत उल्मांचे घर खऱ्या मापाने उभे केलेले आहे. मी ते पावलांनी मोजून पाहिले. आमच्या चाळीतल्या दोन खोल्या यापेक्षा ऐसपैस होत्या. या घरात नवराबायको आणि सहा मुले राहत होती आणि 1942 च्या अखेरीपासून आणखी आठ माणसे.

ती आठ माणसे ज्यू होती. वाइन्त्सुतचे गुरांचे व्यापारी साउल गोल्डमन आणि त्यांचे चार मुलगे. मार्कोव्ह्यातल्याच गोल्डमन घराण्यातल्या गोल्डा आणि लेआ या दोघी, आणि लेआची लहानगी मुलगी. मार्कोव्ह्यात युद्धापूर्वी सुमारे 120 ज्यू राहत. 1941 च्या ऑक्टोबरात जर्मन गव्हर्नर हान्स फ्रांकने फर्मान काढले: ज्यूंना आसरा देणाऱ्याला मरण. हे नुसते कागदावर नव्हते. 1942 च्या डिसेंबरात मार्कोव्ह्यात लपलेल्या ज्यूंचा शोध घेण्याचा हुकूम झाला आणि तो शोध घेतला गावातल्याच माणसांनी. सापडले त्यांना गावातच गोळ्या घातल्या. युझेफने त्याआधी चार ज्यू बायकांना ओहोळाच्या काठी भुयारवजा आसरा खणून द्यायला मदत केली होती; त्याही सापडल्या. तेव्हा आपण काय करतो आहोत हे त्याला ठाऊक नव्हते असे म्हणायची सोय नाही.

सोळा तोंडे, एक चूल. आठ जण पोटमाळ्यावर निजत, दिवसा युझेफला कातडी कमावायला हात लावीत. असे सव्वा वर्षाच्या वर चालले.

संग्रहालयात मला दोन वस्तूंपाशी फार वेळ लागला. एक म्हणजे त्यांच्या घरातल्या बायबलच्या गोष्टींचे पुस्तक. त्यात शोमरोनी माणसाच्या दृष्टांतापाशी लाल रेघ ओढलेली आहे. वाटेत लुटून टाकलेल्या एका जखमी माणसाला पाहून धर्माधिकारी बाजूने निघून जातो, आणि ज्याला सारे परका, हलका समजत तो शोमरोनी थांबतो, अशी ती गोष्ट. मराठी बायबलमुळे आपल्यालाही ती ठाऊक आहे. त्या रेघेजवळ एकच शब्द लिहिलेला आहे: ‘ताक’. होय. आगगाडीतल्या आजीबाईंच्या तोंडी या शब्दाने मला हसू आले होते.

दुसरी वस्तू एक छायाचित्र. त्यात ज्यू बायका आहेत आणि फोटोवर रक्ताचे थेंब वाळून बसले आहेत. फोटो खाली होता. थेंब पोटमाळ्यावरून पडले.

1944 च्या 24 मार्चला, पहाट होता होता, वाइन्त्सुतहून जर्मन शिपाई आले. चहाडी केली असावी ती तिथल्याच एका पोलिश पोलिसाने. गोल्डमन मंडळींची मालमत्ता त्याच्याकडे होती आणि ती परत द्यायची त्याची इच्छा नव्हती. आधी पोटमाळ्यावरच्यांना मारले, काहींना झोपेतच. मग युझेफ आणि विक्तोरियाला दारासमोर. विक्तोरियाचे दिवस भरत आले होते. मुलांचे काय करायचे यावर शिपायांत थोडे बोलणे झाले आणि मग मुलांनाही मारले. थोरली स्तानिस्वावा सात वर्षांची. तिच्या पाठची बार्बारा, मग व्वादिस्वाफ, फ्रान्चिशेक, अंतोनी. सर्वांत धाकटी मारिया दीड वर्षाची. गाडीवानांना हे उभे राहून पाहायला लावले होते. नंतर घर लुटले आणि शिपाई दारू प्याले.

मला दोन मुले आहेत. त्या काचेच्या घरापुढे मी युझेफशी मनातल्या मनात भांडलो. तुझा जीव तुझा होता, पण मारियाचा? संग्रहालयातल्या बाईंना मी हे बोलूनही दाखवले. हा प्रश्न त्यांना नवा नव्हता हे चेहऱ्यावरून कळले. त्यांनी वाद घातला नाही. मला विक्तोरियाच्या फोटोंकडे नेले. ते बरोबरच केले असे मला आता वाटते. युझेफने का केले याची आपण चर्चा करतो. पण सोळा माणसांचे पीठ मळणारी, दुकानातून जास्तीचे सामान आणताना शेजारणींच्या नजरा चुकवणारी बाई हीच. तिच्या ‘होय’वाचून युझेफचे ‘होय’ चार दिवसही टिकले नसते. युझेफने आपले कारण सांगणारी चिठ्ठी मागे ठेवलेली नाही. एके दिवशी त्याने फार मोठा निश्चय केला असेही मला वाटत नाही. कलम मागायला आलेल्याला त्याने परत पाठवले नव्हते, पुस्तक मागायला आलेल्याला नाही. हे आले त्यांनाही नाही. माझे भांडण मात्र त्याने मिटत नाही. ते घेऊनच मी बाहेर पडलो.

बाहेर सावलीत बसलो असता एक गोष्ट राहून राहून डोक्यात फिरत होती. 1938 मध्ये उल्मांनी पूर्वेकडे, सोकाल गावाजवळ वोइस्वावित्सेला पाच हेक्टर काळी कसदार जमीन घेतली होती. मार्कोव्हा सोडून तिकडे जायचे घाटत होते. हा मुलूख आता युक्रेनमध्ये आहे. युद्ध पेटले आणि ते राहूनच गेले. 1939 मध्ये पोलंडचा पूर्व भाग सोव्हिएत फौजांनी घेतला आणि पुढल्या वर्षी तिथली हजारो पोलिश कुटुंबे उचलून सैबेरियाकडे धाडली. त्यातली जगली-वाचली ती इराणमार्गे हिंदुस्थानात आली आणि त्यांतलीच काही वळिवड्याला.

मार्कोव्ह्यात पुढे जे घडले ते सांगितलेच पाहिजे. चहाडीचा संशय होता त्या पोलिसाला पोलिश भूमिगतांनी त्याच सप्टेंबरात गोळी घातली. शिपायांपैकी कोकोट नावाच्या एकाला 1958 मध्ये झेशुफच्या न्यायालयाने फाशी सुनावली, ती पुढे उतरवली गेली आणि तो 1980 मध्ये तुरुंगात मेला. त्यांचा अधिकारी डीकेन जर्मनीत पोलिसांतच नोकरी करीत राहिला आणि 1960 मध्ये वारला; त्याच्यावर खटला झालाच नाही. आणि गाव? 24 मार्चच्या सकाळनंतर इतर घरांनी आपले पाहुणे रात्रीत बाहेर काढले असते तर मी त्यांना नावे ठेवली नसती. पण इतर शेतकऱ्यांच्या माळ्यांवर आणि गोठ्यांत लपलेले किमान वीस ज्यू युद्ध संपेपर्यंत तिथेच राहिले आणि जगले. आधी शोध घेत फिरले तेही याच गावचे आणि हेही याच गावचे.

उल्मा कुटुंब आता गावच्या संत दोरोतेच्या चर्चमध्ये आहे. मेणबत्त्या पेटलेल्या होत्या आणि एक तरुण जोडपे पोर झोपवीत बाकावर बसले होते. पोटमाळ्यावरचे आठ जण इथे नाहीत. त्यांना 1947 मध्ये यागिएवा-नेहच्याव्कीच्या स्मशानभूमीत नेले. टॅक्सीवाल्याला ते नाव मी कागदावर लिहून दाखवले. त्याने मान डोलावली, ‘ताक’ म्हणाला आणि गाडी वळवली.